शब्द यादीत की पत्रात?

संशयी : ‘शब्द संदर्भातून शिका’ हे वाक्य हल्ली इंग्रजीच्या प्रत्येक शिबिरात कानावर पडतं. यादी करू नका, पाठ करू नका, वाचत राहा, ऐकत राहा, शब्द आपोआप येतील. माझी शंका त्या ‘आपोआप’वर आहे. निफाड-दिंडोरीकडचा, मराठी माध्यमातून बारावी झालेला एक मुलगा धरा. द्राक्षांच्या पॅकहाउसच्या कचेरीत तो कामाला लागतो आणि रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल त्याच्यापुढे येतो. ओळीला तीन-चार शब्द अनोळखी. आता संदर्भ लावायचा म्हणजे आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ काढायचा, आणि इथे आजूबाजूचेच शब्द कळत नाहीत. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००० साली हेच तपासून पाहिलं. मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीपासून येत असतील, तरच वाचणारा मदतीशिवाय नीट समजून घेतो, असा त्यांचा निष्कर्ष. शंभरातले ऐंशीच येत असतील, तर कुणालाच पुरेसं कळलं नाही. म्हणजे संदर्भातून शिकण्याची सोय ज्याला बरंच येतं त्याच्यासाठी. ज्याला येत नाही त्याला आपण काय देतो?

आग्रही : सर, त्या अभ्यासात लोकांपुढे गोष्टीचा उतारा होता. गोष्टीत वाचणाऱ्याच्या हातात शब्दांवाचून दुसरं काही नसतं. तुमच्या मुलापुढचा मेल तसा नाही. कोणता कंटेनर न्हावा शेवाहून कधी सुटला, त्यात कुणाच्या बागेचा माल होता, भरताना घडांची देठं हिरवी होती की सुकायला लागली होती, हे सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मेलमध्ये ‘शॅटर’ शब्द आला की त्याला कोश उघडावा लागत नाही, कारण द्राक्षांची छोटी डबी, म्हणजे पनेट, उघडल्यावर तळाशी सुटे मणी पडलेले त्यानं रोज पाहिलेत. ब्रिक्स, थिनिंग, डिपिंग, प्रीकूलिंग हे शब्द द्राक्षपट्ट्यातल्या माणसांना कुणी वर्गात शिकवले नाहीत. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकरी ज्याला लिहोसीन म्हणतात तेच ते. माल अडकला, भाव पडले, आणि ‘रेसिड्यू’ हा शब्द बांधाबांधावर पक्का झाला. आज दहावीला न बसलेला माणूसही ‘सॅम्पलला रेसिड्यू लागला’ असं बिनचूक सांगतो. ज्या शब्दाशी माणसाचं नुकसान जोडलेलं असतं, तो शब्द त्याला दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. संदर्भ म्हणजे आजूबाजूचे शब्द, एवढीच तुमची व्याख्या असेल, तर ती मला फार तोकडी वाटते.

संशयी : वस्तूंची नावं येतात, हे मला मान्य आहे. ती नेहमीच येत आली. आपल्या गावातला वायरमन, फिटर, गॅरेजवाला इंग्रजी नावांवरच धंदा करतो. शेतकरी क्रेटला ‘कॅरेट’ म्हणतो आणि त्याचं काहीही अडत नाही. पण माणूस अडतो तो वस्तूंच्या नावांपाशी नव्हे. हात लावून दाखवता येत नाहीत, अशा शब्दांपाशी तो अडतो. समजा, मेलमध्ये असं वाक्य आहे : ‘वुई हॅव सम रिझर्व्हेशन्स अबाउट लॉट नंबर सेव्हन.’ पुढे लिहिलंय की भरताना फोटो पाठवा, तपासणीनंतर पक्कं कळवू. आपल्या मुलाला रिझर्व्हेशन ठाऊक आहे. रेल्वेचं ठाऊक आहे, प्रवेशाच्या फॉर्मवरचं ठाऊक आहे. तो संदर्भ लावतो आणि अर्थ अगदी चपखल बसतो : सात नंबरचा लॉट त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितलाय. फोटो मागितले, हेही त्या अर्थात बसतं. तपासणीनंतर पक्कं करणार, हेही बसतं. तो मालकाला आनंदानं सांगतो की सात नंबर ठरला. प्रत्यक्षात खरेदीदारानं सभ्य भाषेत सांगितलेलं असतं की या लॉटबद्दल आम्हाला शंका आहेत. मुलाकडे संदर्भ कमी होता, असं म्हणता येणार नाही. भरपूर होता, आणि त्या भरपूर संदर्भानंच चुकीचा अर्थ घट्ट केला. पूर्ण अडलेला माणूस निदान कुणाला तरी विचारतो. चुकीच्या अर्थावर समाधान पावलेला माणूस विचारतच नाही. हा धोका शिबिरात कुणी सांगत नाही.

आग्रही : उदाहरण जबरदस्त आहे, आणि व्यवहारात असं घडतं, हेही खरं. पण नीट पाहिलं, तर हे उदाहरण तुमच्या यादीच्याच विरुद्ध जातं. त्या मुलाच्या डोक्यात ‘रिझर्व्हेशन म्हणजे आरक्षण’ हे समीकरण आलं कुठून? एका शब्दापुढे एक मराठी शब्द, अशाच पद्धतीतून. यादी शब्दाला एकटा उभा करते. भाषेत शब्द एकटा कधी येत नाही. ‘हॅव रिझर्व्हेशन्स अबाउट’ हे तिन्ही मिळून एक आहे, आणि त्यातला ‘अबाउट’ सांगतो की इथे बुकिंगचं काम नाही. बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा प्रचंड साठा संगणकावर जमवून १९८७ साली कोबिल्ड कोश काढला. त्यात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात दिले, ते याचसाठी. शब्द कुणाच्या संगतीत येतो हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ हाती लागत नाही, ही त्यामागची भूमिका. धंद्याची इंग्रजी तर जवळजवळ सगळी अशा जोडांनीच बनलेली असते. ‘सब्जेक्ट टू क्वालिटी ऑन अरायव्हल’ यातला ‘सब्जेक्ट’ विषय नव्हे आणि कर्ताही नव्हे. त्या पाच शब्दांत व्यापाऱ्याचे अख्ख्या कंटेनरचे पैसे अडकलेले असतात : माल तिथे पोहोचेल तेव्हा कसा निघेल, त्यावर भाव ठरणार. हे कोणती यादी शिकवते, सांगा. आणि तुमच्या मुलानं एकच मेल वाचला म्हणून तो फसला. त्याच खरेदीदाराचे मागच्या हंगामाचे मेल त्याला आधी वाचायला मिळाले असते, तर हेच वाक्य दोन-तीनदा भेटलं असतं आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे भरपाईचा क्लेम आलेला दिसला असता.

संशयी : मेल वाचताना ‘अबाउट’कडे तुमचं लक्ष गेलं, कारण तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. नवख्याला ‘अबाउट’ म्हणजे ‘विषयी’ एवढंच दिसतं, आणि लॉटविषयी आरक्षण हेही त्याला खटकत नाही. पण मला दुसरंच बोलायचं आहे. यादीवर तुम्ही ज्या तऱ्हेनं तुटून पडता, त्यात यादी का निर्माण झाली हे विसरलं जातं. मायकेल वेस्ट हा इंग्रज माणूस ढाक्याला शिक्षण खात्यात होता. बंगालमधली बहुतेक मुलं दोन-चार वर्षं इंग्रजी शिकून शाळा सोडतात, मग त्या दोन-चार वर्षांतलं काय त्यांच्या हातात राहील, हा त्याचा प्रश्न होता. त्यातून त्यानं निवडक शब्दांची वाचनमाला केली आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, जी जगभर वापरली गेली. ज्याच्याकडे वेळ कमी आहे, त्याला आधी सगळ्यात उपयोगाचं द्या, हा त्या यादीमागचा न्याय आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला यादी लागत नाही, कारण घरातली बोलणी, टीव्ही, दुकानं, शेजार, सगळीकडे त्याला तो शब्द भेटत राहतो. त्याचे आईवडील संदर्भ विकत घेऊ शकतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला शब्द भेटतो तो पुस्तकात, एकदा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्याकडच्या कित्येक पिढ्या बसल्या. शब्द, वाक्य, भाषांतर. पुन्हा शब्द, वाक्य, भाषांतर. त्या पुस्तकापलीकडे त्यांच्या गावात इंग्रजी नव्हतीच. त्यातून कारकून झाले, मामलेदार झाले, वकील झाले. यादी आणि पाठांतर हा ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याचा आधार होता. तो काढून घ्यायच्या आधी त्याच्या जागी काय ठेवणार, हे सांगायला हवं.

आग्रही : त्या पिढ्यांविषयी मला आदर आहे. त्यांनी अर्ज बिनचूक लिहिले, कायदे वाचले, कोर्टात बाजू मांडल्या. पण तर्खडकरांची पाठमाला ही यादी होती, असं मी म्हणणार नाही. तीत प्रत्येक शब्द वाक्यात येतो आणि मुलाला ते वाक्य स्वतः फिरवावं लागतं. आज यादीच्या नावाखाली चालतं ते निराळं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होती. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मराठी माध्यमातल्या मुलानं दहा-बारा वर्षं इंग्रजी घेतलेली असते. त्याच्यासमोर बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र ठेवा. व्याज कधीपासून, हप्ता चुकला तर काय, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, हे त्यातून काढून दाखवायला सांगा. मी सांगून पाहिलं आहे. पत्र हातात घेऊन मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. विरुद्धार्थी शब्द विचारले की धडाधड सांगतात. इतक्या वर्षांत त्यांना खरा कागद एकदाही हातात मिळालेला नसतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत प्रयोग केला. मुलांसमोर रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यातून प्रश्न सोडवायचा, व्याकरणाचा धडा नाही, शब्दांची यादी नाही. मुलं प्रश्नाच्या मागे लागली की भाषा त्यांच्या हाती येते, असं त्यांना दिसलं. त्या काही श्रीमंतांच्या शाळा नव्हत्या.

संशयी : प्रभूंचं काम मी वाचलं आहे आणि मोलाचं मानतो. पण तिथे मुलांसमोर उभा असलेला शिक्षक चांगली इंग्रजी बोलत होता, मुलांच्या कुवतीप्रमाणे ती सोपी करून बोलू शकत होता. आपल्या दोन-शिक्षकी शाळेत, जिथे एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग आणि वर पोषण आहाराची नोंदवही, तिथे वेळापत्रकावर मुलांशी इंग्रजीत चर्चा कोण करणार? यादी अशी गोष्ट आहे की ती कमी तयारीच्या शिक्षकाच्या हातातही फारशी बिघडत नाही. संदर्भ मात्र चांगल्या शिक्षकावाचून नुसता गोंधळ होतो. आणि विसरण्याचं काय? हर्मान एबिंगहाउसनं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं गळतं, आणि ठरावीक अंतरानं पुन्हा पाहिलं तर टिकतं. हे पुन्हा पाहणं वाचनात नशिबावर असतं. एखादा शब्द आज भेटला, तर पुढे सहा महिने भेटणार नाही. यादी त्याला उद्या, चार दिवसांनी, महिन्यानं पुन्हा भेटवते.

आग्रही : सर्वसाधारण वाचनाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कामाच्या भाषेचा स्वभावच पुन्हा पुन्हा येण्याचा आहे. जानेवारी ते एप्रिल या हंगामात त्या मुलापुढे तेच ते मेल येतात : शिपमेंट निघाली, कागदपत्रं जोडली आहेत, कंटेनर उशिरा पोहोचतोय, मालात दोष निघाला, पैसे कधी. ‘ॲज पर’, ‘इन केस’, ‘अनलेस’, ‘प्रायर टू’ हे रोजचेच. उजळणी धंदाच करून घेतो. मी शिकणाऱ्यांना एक साधी वही ठेवायला सांगते. डाव्या पानावर मेलमधलं पूर्ण वाक्य, जसंच्या तसं. उजव्या पानावर त्याचं मराठी नाही, तर त्या वाक्यानंतर काय घडलं ते : पैसे कापले, फोटो पाठवले, फोन आला, लॉट बदलला. आठवड्यानं उजवं पान झाकून डावं वाचायचं. पंधरा दिवसांनी डावं झाकून उजवं. वाक्यामागचं काम लक्षात राहिलं की वाक्य लक्षात राहतं.

संशयी : मॅडम, ही यादीच आहे.

आग्रही : आहे. पण त्यानं स्वतः केलेली, कामातून निघालेली. माझा विरोध आधी येणाऱ्या यादीला आहे, नंतर होणाऱ्या यादीला नाही.

संशयी : मग आपलं भांडण यादी की संदर्भ यावर उरलंच नाही, आधी काय यावर उरलं. आणि तिथे मी मागे हटत नाही. वही करण्याइतपत वाचता यायला पहिले हजार-दोन हजार शब्द लागतात, आणि ते मेलमधून येणार नाहीत. पण तुमच्या वहीवर माझा याहून मोठा आक्षेप आहे. ती वही भरली की मुलगा पॅकहाउसमध्ये पक्का होईल. त्याला शॅटर येईल, क्लेम येईल, सब्जेक्ट टू येईल. पण त्याच्या आईच्या तपासणीचा अहवाल हातात आला आणि त्यात ‘बिनाइन’, म्हणजे गाठ निरुपद्रवी, असं लिहिलेलं असलं, तर? भीतीनं रात्र काढेल तो. जमिनीच्या कागदावर ‘अनएन्कम्बर्ड’, म्हणजे बोजा नसलेली, असं असलं तर? खातं बंद होईल अशी धमकी देणारा मोबाइलवरचा संदेश बँकेचा की लुबाडणाऱ्याचा, हे ओळखायचं झालं तर? अशा संदेशातली वाक्यं बँकेच्या वाक्यांसारखीच असतात, तुमचा संदर्भ तिथे उलट घात करतो. कामापुरती इंग्रजी माणसाला त्या कामापुरतीच ठेवते. शहरातल्या मुलाला अख्खी भाषा आणि गावातल्या मुलाला पेटी भरण्यापुरती, अशी वाटणी करण्यात आपण हातभार लावतोय का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. दोन हजार शब्दांची सर्वसाधारण यादी कुठल्याच धंद्याची नसते. ती कोरडी आहे, पण ती त्या मुलाला कुठे जायचं हे ठरवून देत नाही.

आग्रही : हा आक्षेप मला टोचतो. त्याला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकते की तुमच्या दोन हजारांतही ‘बिनाइन’ नाही आणि ‘अनएन्कम्बर्ड’ तर नाहीच. नेशन यांनीच पुढे हिशोब मांडला, की वर्तमानपत्र किंवा कादंबरी मदतीशिवाय वाचायची, तर आठ-नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपं, यावी लागतात. एवढी यादी कुणी पाठ करत नाही, शाळेत तर शक्यच नाही. दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतची वाट वाचनातूनच जाते. आणि वाचायला माणूस बसतो तो ज्यात त्याचं काही अडलेलं असतं तिथे. मी ज्यांना शिकवलं, त्यांच्यात खरेदीदाराचे मेल वाचता वाचता द्राक्षांवरचे परदेशी अहवाल वाचायला लागलेली मुलं आहेत. तिथून ती औषधांची लेबलं वाचायला लागली, विम्याच्या पॉलिसीची मागची बाजू वाचायला लागली. सगळी नाहीत. काही तिथेच थांबली, हे खरं आहे. कोण पुढे गेलं आणि कोण थांबलं, यात भाषेपेक्षा दुसरं काही होतं का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक मात्र पाहिलं. जी पुढे गेली, त्यांच्या शेजारी विचारायला कुणीतरी होतं. चुकीचा अर्थ लावला, तर ‘अरे, असं नाही’ म्हणणारं माणूस. तुमच्या रिझर्व्हेशनवाल्या मुलाला तेच मिळालं नव्हतं.

संशयी : म्हणजे माणूस लागतोच. यादी माणसाची जागा थोडी भरून काढते, संदर्भ अजिबात काढत नाही. म्हणूनच मी यादीला चिकटून आहे. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक निर्यातदाराकडे गेल्या दहा हंगामांचे मेल पडून आहेत. खरेदीदारांची नावं आणि रकमा खोडून त्यांनी ते जवळच्या शाळेला द्यावेत, असं मीही म्हणेन. बँकांनी आपल्या पत्रांचे कोरे नमुने द्यावेत, दवाखान्यांनी नाव नसलेले अहवाल द्यावेत. शिक्षकांनी आठवड्यातला एक तास त्या कागदांना द्यावा. पण पहिल्या दोन हजार शब्दांची यादी त्या वर्गाच्या भिंतीवर राहील. ती उतरवायला माझी तयारी नाही.

आग्रही : राहू द्या भिंतीवर. फक्त परीक्षेत यादी विचारू नका, पत्र विचारा. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत एक खरं पत्र आलं, की जून महिन्यापासून शाळेत पत्रं वाचली जातील.